ओस्तेरिया फ्रांचेस्काना: टेबल, व्हिसा, चीज आणि ताई

ताई २०१९ मध्ये साठीची झाली. बँकेने निरोपसमारंभात दिलेलं घड्याळ तिने कपाटात ठेवून दिलं आणि मला नाशिकहून फोन केला. "मला त्या मोदेनावाल्याकडे जेवायला जायचंय. इंटरनेटचं तू बघ, पैशाचं मी बघते."

मोदेनावाला म्हणजे इटलीतल्या मोदेना गावचा शेफ मास्सिमो बोत्तुरा. नेटफ्लिक्सवर त्याच्यावरचा भाग पाहिल्यापासून ताईला त्या माणसाची सगळी कुंडली पाठ होती. मला मात्र त्या गावाचं नाव फक्त फेरारी गाड्या आणि गायक पावारोत्ती यांच्यामुळे माहीत. आता आम्ही जाऊन आलोय, दिवाळीच्या फराळाला घरी आलेल्या प्रत्येकाने "टेबल कसं मिळालं? किती पैसे लागले? तुम्हाला शाकाहारी काय मिळालं?" हे तेच तीन प्रश्न विचारलेत, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधी जागेबद्दल थोडं. बोत्तुराचं रेस्टॉरंट ओस्तेरिया फ्रांचेस्काना १९९५ मध्ये मोदेनाच्या जुन्या गावात, व्हिया स्तेल्ला नावाच्या गल्लीत सुरू झालं. सुरुवातीची काही वर्षं गावकऱ्यांनी नाकं मुरडली, आमच्या आज्यांच्या पाककृतींशी हा खेळ करतो म्हणून. आता त्याला तीन मिशेलिन तारे (त्या नावाच्या खाद्यमार्गदर्शिकेचा सर्वोच्च दर्जा) आहेत आणि जगातल्या उत्तम रेस्टॉरंटांच्या 'वर्ल्ड्स फिफ्टी बेस्ट' यादीत ते २०१६ आणि २०१८ असं दोनदा पहिलं आलं. २०१९ पासून त्या यादीचा नियम बदलला. एकदा पहिलं आलेलं रेस्टॉरंट पुन्हा यादीत येत नाही. मला वाटलं, चला, गर्दी कमी होईल. तसं काही झालं नाही. टेबलं फक्त बारा, वर रविवार-सोमवार बंद. जगभरातून येऊ पाहणारी माणसं किती असतील, तुम्हीच बघा.

आरक्षण ऑनलाइन होतं. महिन्याच्या पहिल्या तारखेला, इटलीच्या सकाळी दहा वाजता, पुढच्या तिसऱ्या महिन्याच्या तारखा उघडतात. आम्हाला दसरा आटोपून निघायचं आणि दिवाळीच्या आत परतायचं होतं, म्हणजे ऑक्टोबर, म्हणजे १ जुलै. उन्हाळ्यात इटली आपल्या साडेतीन तास मागे असते, म्हणून आपल्याकडचे दुपारचे दीड. (ऑक्टोबरअखेर त्यांची घड्याळं मागे सरकतात आणि हा फरक साडेचार तासांचा होतो. हिवाळ्यातली तारीख धरणाऱ्यांनी हे आधी तपासा.) मी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून बसले. दीड वाजता कॅलेंडर उघडलं, दोन तारखांवर बोट ठेवेपर्यंत त्या राखाडी झाल्या, आणि डब्यातली भाजी गार होण्याआधी सगळा ऑक्टोबर संपला.

मग प्रतीक्षायादी. तिथे लोक एखादी शनिवार रात्र लिहून मोकळे होतात असं माझं निरीक्षण आहे. मी मधल्या वारांच्या सगळ्या दुपारी लिहिल्या. दोन माणसं, दुपारचं जेवण, आठवड्याचा मधला दिवस, एवढं जुळवलंत तर आशा ठेवायला जागा असते. दुपारचं जेवण निवडायला दुसरं, जास्त पक्कं कारणही आहे. रात्रीचं जेवण तिथे आठला सुरू होतं तेव्हा आपल्या पोटाच्या हिशेबाने साडेअकरा वाजलेले असतात, आणि संपेपर्यंत पहाट. साठीच्या ताईला बाराव्या पदार्थावर पेंगताना बघायला मी इतक्या लांब जाणार नव्हते.

जुलै तसाच गेला. ताई दर दोन दिवसांनी "आलं का गं काही?" विचारायची. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मेल आली: मंगळवार, १५ ऑक्टोबर, दुपार, दोघी. जागा पक्की करायला क्रेडिट कार्डाचा तपशील मागितला होता. न कळवता गैरहजर राहिलात तर दंड, हे अशा बहुतेक रेस्टॉरंटांत असतं आणि ते वाजवीच आहे. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत ना, याची बँकेकडून आधीच खात्री करून घ्या. हातातोंडाशी आलेलं टेबल त्या एका कारणाने गेलेली माणसं मी ऐकली आहेत.

पुढचा कागद म्हणजे खाण्यापिण्याची पथ्यं. ताई शाकाहारी, अंडं चालतं. मी मासे-मटण खाते, पण गोमांस आणि डुकराचं मांस नाही. आता मोदेना म्हणजे डुकराच्या मांसाचं आणि रागूचं, म्हणजे खिम्याच्या सॉसचं, माहेरघर. तिथे नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहून भागत नाही. माशाच्या पाण्यात शिजवलेला भात, अँकोव्ही नावाचे छोटे खारवलेले मासे वाटून घातलेली चटणी, जिलेटिन घालून गोठवलेलं गोड, हे सगळं कुणाच्या तरी डोक्यात शाकाहारीच असतं. म्हणून मी काय नको त्याची यादी केली: मांस, मासे, त्यांचं पाणी, चरबी, जिलेटिन. आणि काय चालतं त्याचीही: दूध, लोणी, अंडी, मध, सगळ्या भाज्या. ही यादी करून झाल्यावर मला माझाच फार अभिमान वाटला. तो कसा उतरला ते पुढे येईलच.

व्हिसाबद्दल फार लिहीत नाही, शेंगेनची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाची) कागदपत्रं सगळ्यांना माहीत असतात. पण आकडे सांगते. तेव्हा फी ६० युरो होती, वर केंद्राचं सेवाशुल्क, मिळून माणशी सहा हजारांच्या आत. २ फेब्रुवारी २०२० पासून हीच फी ८० युरो झाली आणि नंतर आणखी वाढली. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरायचे, पण नियमात तो वाढवायची मुभा आहे. आम्हाला मुंबईची वेळ मिळाली १६ सप्टेंबरची, म्हणजे विसर्जन होऊन शहर जरा शुद्धीवर आल्यावर. ताईची निवृत्तीवेतनाची कागदपत्रं, मुदतठेवींच्या पावत्या, विवरणपत्रं. माझं ऑफिसचं रजेचं पत्र. प्रवास कशासाठी, या पत्राला आम्ही रेस्टॉरंटची मेल जोडली. खिडकीतल्या मुलीने ती दोनदा वाचली. "मॅडम, फक्त जेवायला?" ताई म्हणाली, "आणि चर्च बघायला," आणि मुलीने हसू दाबून शिक्का मारला. पासपोर्ट घटस्थापनेच्या दोन दिवस आधी घरी आले. तोपर्यंत तिकिटं रद्द करता येतील अशीच घेतली होती. ती जरा महाग पडतात, दोघींची दुबईमार्गे बोलोन्याची मिळून नव्वद हजारांच्या आत-बाहेर, पण झोप लागते.

बोलोन्याहून मोदेना रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत. प्रादेशिक गाडीचं तिकीट चारेक युरो. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात ते टोचून घ्यायचं, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. आम्ही रविवारी पोचलो. मुद्दाम दोन रात्री आधी. अंगातली झोप निघते, बॅग उशिरा आली तर कपड्यांची सोय करता येते, आणि मुख्य म्हणजे तुमच्या ताटात जे येणार आहे ते आधी गावात बघता येतं. मला विचाराल तर या सगळ्या प्रवासातलं हेच सगळ्यात शहाणपणाचं काम होतं. बोत्तुराचं जेवण म्हणजे त्या एका परिसराबद्दल चाललेली बडबड आहे. परिसर न बघता गेलात तर अर्धी डोक्यावरून जाते.

म्हणून सोमवारी सकाळी टॅक्सी करून गावाबाहेरच्या एका चीजच्या डेअरीत गेलो. पार्मिजानो रेज्जानो हे तिथलं चीज रोज सकाळी करतात, त्यामुळे बघायचं तर लवकर पोचावं लागतं. आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून त्याची साय काढलेली, त्यात सकाळचं ताजं दूध. उलट्या घंटेसारख्या आकाराच्या तांब्याच्या कढया, एकेकीत हजार लिटरच्या वर. आदल्या दिवशीची निवळी विरजण म्हणून घातली, मग आणखी काहीतरी ओतलं, आणि थोड्या वेळात दुधाचा खरवस झाला. पांढरे गमबूट घातलेल्या माणसाने तारांचं गोल अवजार फिरवून तो मोडला, पार तांदळाच्या कणीएवढा होईपर्यंत. मधूनमधून तो मूठभर कण्या उचलायचा, तळहातावर दाबायचा, बोटांनी फोडायचा आणि परत टाकायचा. घड्याळाकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. नंतर तळाशी बसलेला गोळा दोघांनी मिळून कापडात उचलला, सुरीने मधोमध कापला. एका कढईची दोन चाकं. एक चाक साधारण ४० किलोचं, त्याला साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध लागतं. पुढे वीसेक दिवस मिठाच्या पाण्यात, आणि मग किमान बारा महिने फळीवर.

त्या फळ्यांच्या खोलीत ताई थांबली. छतापर्यंत चाकंच चाकं. मे २०१२ च्या भूकंपात अशाच फळ्या आडव्या झाल्या, लाखांनी चाकं खाली आली. तेव्हा बोत्तुराने रोमच्या 'काचो ए पेपे' या चीज-मिरीच्या पास्त्याच्या धर्तीवर पार्मिजानो आणि मिरी घालून भाताचा एक पदार्थ केला आणि जगाला सांगितलं, हा घरोघरी करा, म्हणजे पडलेलं चीज खपेल. ताईला हीच गोष्ट पाठ होती. "इथे उभं राहिल्यावर कळतं गं केवढं नुकसान असेल," ती म्हणाली.

आणि मग तिने विचारलं, "पण ते दूध इतकं पटकन जमलं कशानं? नुसत्या निवळीने नाही जमायचं." चाळीस वर्षं घरात दही लावलेल्या बाईला कोण फसवणार? मी प्रश्न इंग्रजीत करून दिला. आम्हाला डेअरी दाखवणारी मुलगी सरळ म्हणाली, रेनेटने. दूधपित्या वासराच्या जठरातून काढतात. दुसरं काही चालतं का? नाही, पार्मिजानोच्या नियमात तेच बसतं.

मी भाषांतर करायला अंमळ वेळ लावला. ताईला तेवढ्यात कळलं.

बाहेर चाखायला वेगवेगळ्या वयाचे तुकडे मांडले होते. ताईने हात लावला नाही, पण चेहराही केला नाही. टॅक्सीत बसल्यावर म्हणाली, "म्हणजे आजवर पिझ्झावर खाल्लं ते?" आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्याच्या चीजला सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरतात, हे मला नशिबाने माहीत होतं. तिला तेवढं बरं वाटलं. "मग उद्या मी हे नाही खाणार. तू खा. मी बघेन."

उद्याचं जेवण म्हणजे पार्मिजानोच. त्या रेस्टॉरंटचा सगळ्यात नावाजलेला पदार्थच मुळी पार्मिजानोचा आहे. आणि आज सोमवार, तिथे सुट्टी. मेल टाकली आणि मंगळवारी सकाळी दहाला फोन केला. पोटात गोळा आला होता, कारण ऐन वेळी पथ्य वाढवणं हे कुठल्याही स्वयंपाकघराला आवडत नाही, आमच्या घरातल्याही नाही. पलीकडच्या बाईने अत्यंत शांतपणे विचारलं, म्हणजे सगळी चीजं नकोत की फक्त रेनेटवाली? लोणी? साय? दही? मी एकेक सांगत गेले, ती लिहीत गेली. "काळजी करू नका," एवढंच म्हणाली. कट्टर शाकाहारी असाल तर हे वाक्य पहिल्याच मेलमध्ये घाला: प्राण्यांच्या रेनेटचं चीज चालत नाही. आणि उत्तराची वाट बघा. इटलीत कुठेही जेवायचं असलं तरी घाला. साध्या टोमॅटोच्या पास्त्यावरसुद्धा न विचारता पार्मिजानो किसून पडतं.

कपड्यांचा प्रश्न मला महिनाभर छळत होता, तो ताईने दोन मिनिटांत सोडवला. ती सुती इरकल नेसली, वर शाल, पायांत सपाट चपला, कारण गल्ल्या दगडी आहेत. मी साधा सलवार-कुडता. तिथे कोट-टायवाले होते आणि नुसत्या शर्टातलेही होते, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सकाळचा नाश्ता आम्ही केला, पण कॉफी आणि एक फळ एवढाच. अगदी उपाशीपोटी जाऊ नका, पहिल्या ब्रेडवर तुटून पडाल आणि मग जागा उरणार नाही.

व्हिया स्तेल्लावरचं ते दार शोधावं लागतं. झगमगीत पाटी नाही, पितळेची छोटी पट्टी आहे, तिच्यासमोर फोटो काढणारी दोन माणसं उभी होती म्हणून आम्हाला सापडलं. आत जाऊन नाव सांगितलं, शाल घेतली गेली, टेबल मिळालं. भिंतींवर आधुनिक चित्रं, टेबलांमध्ये भरपूर अंतर, आवाज बेताचे. इंग्रजी सगळ्यांना येतं. काटे-सुऱ्यांची भीती बाळगू नका. पदार्थ येण्याआधी त्याला लागेल तेच हत्यार समोर ठेवतात, आणि चुकीचं उचललंत तरी पुढच्या वेळी गुपचूप दुसरं येतं.

वाइन नको म्हटलं. तिचा वेगळा मेन्यू घेतला तर बिल दीडपटीच्याही वर जातं. आमच्या 'नको'वर कुणाच्या भुवईचा केसही हलला नाही. पदार्थ कोणते खाल्ले त्याची जंत्री देत नाही, मेन्यू बदलत राहतो. दोन-तीनच सांगते.

'पार्मिजानो रेज्जानोची पाच वयं' हा तो नावाजलेला पदार्थ. ताटली आली तेव्हा मला वाटलं, यात आहे काय? सगळं एकाच फिकट पिवळट पांढऱ्या रंगाचं. चीज एकच, पण २४ महिन्यांचं मऊ, फुगलेलं सुफ्ले होऊन आलेलं, ३० महिन्यांचं पातळ सायीसारखं, ३६ चं फेस होऊन, ४० चं कुरकुरीत पापडी होऊन आणि ५० महिन्यांचं नुसत्या हवेच्या बुडबुड्यांत. काही गरम, काही गार. पहिल्या घासाला फक्त दूध आणि मीठ लागलं. दुसऱ्याला जिभेच्या कडेला काहीतरी अननसासारखं आंबटगोड. पापडी मोडली तेव्हा त्या फळ्यांच्या खोलीतला वास आला, अगदी तोच, कुबट आणि गोडसर. बुडबुडे तोंडात गेल्यावर राहिले नाहीत, चव मात्र पुढचा पदार्थ येईपर्यंत राहिली. आदल्या दिवशी ती खोली बघितली नसती तर मी याला 'छान चीज सॉस' म्हणून मोकळी झाले असते.

ताई समोर बसून बघत होती. "सांग ना," म्हणाली. मी सांगितलं ते वर लिहिलंय तेवढंच. तिच्यापुढे त्या वेळी भोपळ्याचं काहीतरी होतं, केशरी, वर तळलेलं पान. तिने आधी चमच्याच्या टोकाने चाखलं, मग सगळं संपवलं, आणि ताटली ब्रेडने पुसली. वाढणाऱ्या मुलाने ते बघितलं आणि तिला आणखी ब्रेड आणून दिला. दर पदार्थाला ताईच्या ताटलीची वेगळी ओळख करून द्यायचे. "यात चीज नाही" हे न विचारता, प्रत्येक वेळी. तिचा मेन्यू सकाळच्या फोननंतर बदलला असणार, पण तसं कुठे जाणवलं नाही.

माझ्यासाठी वाम आली. 'पो नदीतून वर पोहत जाणारी वाम' असं काहीसं लांबलचक नाव. वर द्राक्षाच्या आटवलेल्या रसाचा चकचकीत लेप, एका बाजूला मक्याच्या पिठाची पातळ लापशी, दुसऱ्या बाजूला सफरचंद, आणि जाळलेल्या कांद्याची काळी पूड. तिथल्या एस्ते या राजघराण्याला १५९८ मध्ये फेरारा शहर सोडून मोदेनाला यावं लागलं, नदीकाठची वाम त्यांच्या मागोमाग आली, अशी त्यामागची कथा. इतकी कथा ऐकून मासा खायचा मला सराव नाही. पण कोकणी घरात वामीचे तुकडे तिखट-कोकमात खाल्लेले असल्याने त्याच माशाला गोड लेपात भेटणं मजेचं वाटलं. मत्स्याहारी लोकांनी हा पदार्थ मेन्यूवर दिसला तर सोडू नये.

शेवटी दोघींनाही सारखंच गोड: 'अरेरे, लिंबाचा टार्ट पडला'. बोत्तुराचा जपानी सहकारी ताकाहिको कोंदो याच्या हातून ऐन वेळी टार्ट पडला, तो तुटलेला तुकडा बोत्तुराला आवडला, तेव्हापासून तो मुद्दाम फोडूनच वाढतात. ताटलीवर पिवळी रबडी उडाल्यासारखी, वर पालथा पडलेला टार्टचा तुकडा, बाजूला ठिपके. ताईने त्याकडे बराच वेळ पाहिलं. "मी फुटकी करंजी वाढली असती तर सासूबाईंनी ताट परत पाठवलं असतं," ती म्हणाली आणि इतकी हसली की शेजारच्या टेबलावरची माणसंही वळून हसली. मग तिने पहिला चमचा घेतला आणि गप्प झाली. लिंबाचा आंबटपणा, गवती चहाचं गार आइस्क्रीम, आणि मधेच एक खारट केपर (मिठात मुरवलेली कळी). मी अर्धं संपवेपर्यंत तिचं झालं होतं. तिने माझ्यातलंही खाल्लं.

शेफ स्वतः दिसले का, हा चौथा प्रश्न सगळे जण विचारतात. आम्हाला त्या दुपारी दिसले नाहीत आणि आम्ही विचारलंही नाही. ज्याच्या नावाने रेस्टॉरंट चालतं तो माणूस जगभर फिरत असतो, रोजचं जेवण त्याची माणसं करतात. सेल्फीसाठी जाणार असाल तर मनाची तयारी ठेवा. फोटो मात्र काढू देतात, फक्त फ्लॅश मारू नका, आणि पदार्थ गार होईपर्यंत काढत बसू नका. गरम-गार हाच तर त्यातला अर्धा खेळ असतो.

साडेबाराला बसलो होतो, उठलो तेव्हा चार वाजत आले होते. मध्ये एकदा पाय मोकळे करायला उठलं तरी चालतं. रुमाल घडी करून परत येतो आणि पुढचा पदार्थ तुमच्यासाठी थांबतो. वाढायचा वेग जास्त वाटला तर "जरा हळू" असं सांगता येतं, हे आम्हाला शेजारच्या टेबलावरून कळलं.

बिल. माणशी मेन्यू तेव्हा तीनशे युरोंच्या घरात होता, पाणी आणि कॉफी वेगळी. दोघींचे मिळून पन्नास हजार रुपयांना थोडे कमी झाले, युरो अठ्ठ्याहत्तरच्या आसपास असताना. कार्डावर परकी चलनाचा अधिभार लागतो तो वेगळा, आमच्यावर साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी. यंत्राने "रुपयांत द्यायचे का?" विचारलं तर युरोच निवडा, रुपयांचा दर नेहमी महाग असतो. टीपची सक्ती नाही. आणि निघताना मेन्यूची प्रत मागा, देतात. नंतर कुणी विचारलं की काय खाल्लं, तर निम्मं आठवत नाही.

रात्रीचं जेवण आम्हाला लागलं नाही. बुधवारी सकाळी अल्बिनेल्ली मंडईत गेलो. १९३१ ची लोखंडी छताची मंडई आहे, भाज्या रचून ठेवायची त्यांची हौस बघायला जावंच. तिथून ताईने बाल्सामिकोची, म्हणजे द्राक्षाच्या रसापासून केलेल्या तिथल्या आंबटगोड व्हिनेगरची, एक बाटली घेतली. यात दोन प्रकार असतात आणि दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही. स्वस्त बाटली असते ती व्हिनेगरमिश्रित, सॅलडवर घालायची. 'त्रादित्सिओनाले' लिहिलेली म्हणजे फक्त द्राक्षाचा आटवलेला रस, लाकडी पिंपांतून किमान बारा वर्षं फिरवलेला, आणि २५ वर्षांचा असेल तर 'एक्स्त्राव्हेक्कियो'. ती १०० मिलिलिटरच्या एकाच ठरावीक आकाराच्या बाटलीत मिळते, गोल पोटाची, चौकोनी बुडाची, त्यामुळे ओळखायला सोपी. बारा वर्षांची बाटली पन्नासेक युरोंना पडली. शंभर मिलिलिटर असली तरी ती हातातल्या बॅगेत ठेवू नका, दुबईला बदलताना वाद नको. कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका.

सगळा हिशेब मांडला तर दोघींचे मिळून दोन लाखांच्या थोडे वर गेले. त्यात जेवण चौथ्या हिश्श्याहून कमी, सगळ्यात मोठा वाटा विमानाचा. वाचवायचं असेल तर मोदेनाऐवजी बोलोन्यात राहून वाचत नाही, उलट खोल्या तिथे महाग आहेत. ऑक्टोबरच्या मध्याला दिवसा स्वेटर पुरतो, संध्याकाळी पाऊस येतो. आणि सोमवारी गावातली अर्धी दुकानं बंद असतात, डेअरी मात्र चालू, कारण गाई सोमवारी सुट्टी घेत नाहीत.